सुरत मोठं की पुणे? आणि पुणे नेमकं संपतं कुठे?

मांजरीकर (रविवार, रात्री ९:१०)

भाची स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. सदाशिव पेठेत अभ्यासिका, आणि रविवारी जेवायला आमच्याकडे मांजरीला. आज पानावर बसल्या बसल्या तिनं विचारलं, "मामा, लोकसंख्येत पुणे देशात कितवं?" मी म्हटलं, आठवं. ती म्हणाली, "एका पुस्तकात आठवं आहे, दुसऱ्यात नववं. आणि त्या दुसऱ्यात सुरत पुण्याच्या वर आहे."

जेवणं झाल्यावर दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून बघितली. जनगणना एकच, २०११ ची. एकात पुणे ५० लाख ५७ हजार, दुसऱ्यात ३१ लाख २४ हजार. मधले एकोणीस लाख लोक गेले कुठे? या परीक्षांत एका गुणानं पोरं मागे राहतात, म्हणून नीट समजून घ्यायचं आहे.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या घराची. २०११ ला गणक आमच्या दारात आला तेव्हा मांजरी बुद्रुकला ग्रामपंचायत होती. ३० जून २०२१ ला आमच्यासकट २३ गावं पुणे महापालिकेत गेली. घर तेच, अंगण तेच, समोरचा ऊसही तोच. त्या एका दिवसात पुण्याची लोकसंख्या वाढली, पण नवीन माणूस एकही आला नाही. मग शहर म्हणजे नक्की काय मोजतात?

आकडेमोड (रविवार, रात्री १०:०२)

मांजरीकर, दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत. दोघांनीही मथळा अर्धवट छापलाय, एवढीच चूक.

३१,२४,४५८ ही पुणे महापालिकेच्या हद्दीतली लोकसंख्या. ५०,५७,७०९ ही पुणे 'नागरी समूहा'ची, म्हणजे जनगणनावाले ज्याला अर्बन अ‍ॅग्लोमरेशन म्हणतात त्याची. मधल्या एकोणीस लाखांतले १७,२७,६९२ पिंपरी-चिंचवड महापालिकेचे. उरलेले दोन लाख साडेपाच हजार म्हणजे पुणे, खडकी आणि देहूरोड ही तीन कॅन्टोन्मेंट आणि शहराला चिकटलेल्या छोट्या वस्त्या.

आता सुरत. महापालिका हद्दीत ४४,६७,७९७, नागरी समूह ४५,९१,२४६. म्हणजे सुरत जवळजवळ सगळं एकाच महापालिकेत बसतं. २००६ मध्ये त्यांनी हद्द मोठी वाढवून घेतली होती. आपल्याकडे मुळेच्या आणि पवनेच्या काठी दोन वेगळ्या महापालिका आहेत. म्हणून महापालिकांच्या यादीत सुरत आठवं आणि पुणे नववं, तर समूहांच्या यादीत पुणे आठवं आणि सुरत नववं. दापोडीच्या पुलावरून पलीकडे गेल्यावर आपण वेगळ्या शहरात आलो असं कुणाला वाटतं का? मला वाटत नाही. म्हणून माझ्या मते समूहाची यादीच खरी तुलना करते.

हा फरक फक्त आपल्यालाच बाधतो असंही नाही. महापालिकांच्या यादीत कोलकाता सातवं आहे, ४५ लाखांच्या आसपास. समूहांच्या यादीत तेच १ कोटी ४० लाखांवर जाऊन तिसरं होतं, कारण हावड्यासकट हुगळीच्या दोन्ही तीरांवरच्या पालिका त्यात येतात. चेन्नई साडेशेहेचाळीस लाखांवरून साडेशहाऐंशी लाखांवर. भाचीला सांगा, प्रश्नात 'शहर' आहे की 'नागरी समूह' ते आधी वाचायचं.

लेखाताई (रविवार, रात्री १०:४५)

आकडेमोड यांनी जे दोन लाख साडेपाच हजार सांगितले, त्यांच्याबद्दल मला आवर्जून लिहायचं आहे. केंद्र सरकारच्या लेखा विभागात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे हा आकडा मी पगारपत्रकात पाहिलेला आहे.

केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घरभाड्यासाठी शहरांचे एक्स, वाय, झेड असे वर्ग असतात. ५० लाखांच्या वर एक्स, ५ ते ५० लाख वाय. आदेशातल्या यादीत पुण्याच्या नावापुढे 'यूए' लिहिलेलं असतं, म्हणजे नागरी समूह. २०११ च्या जनगणनेवरून पुणे आणि अहमदाबाद ही दोन शहरं वायमधून एक्समध्ये आली, १ एप्रिल २०१४ पासून. तेव्हा सहाव्या वेतन आयोगाचे दर होते: वायला मूळ वेतनाच्या २० टक्के, एक्सला ३० टक्के.

आता दोन्ही महापालिकांची बेरीज करून बघा. ३१,२४,४५८ अधिक १७,२७,६९२, एकूण ४८,५२,१५०. पन्नास लाखांना दीड लाख कमी! कॅन्टोन्मेंट आणि त्या छोट्या वस्त्या समूहात धरल्या नसत्या तर पुणे वायमध्येच राहिलं असतं. नकाशावरची रेघ कुठून जाते यावर इथल्या हजारो घरांचं महिन्याचं गणित ठरलं. म्हणून कुणी 'आकड्यांचा खेळ' म्हणून हा विषय सोडून दिला की मला वाईट वाटतं.

देहूरोडकर (रविवार, रात्री ११:२०)

ताई, हे माहीत नव्हतं. आम्ही देहूरोड कॅन्टोन्मेंटवाले. ना पुणे पालिकेचे, ना पिंपरी-चिंचवडचे. पन्नास लाखांचा उंबरा ओलांडायला आमची माणसं लागली हे वाचून छान वाटलं. उद्या वडिलांना दाखवतो, ते ऑर्डनन्स डेपोतून निवृत्त झालेत.

वसई_रोड (सोमवार, सकाळी ७:५०)

मुंबईचंही सांगतो. बृहन्मुंबई १ कोटी २४ लाख, नागरी समूह १ कोटी ८४ लाख. समूहात ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, पार बदलापूरपर्यंत सगळं आहे. पण आमचं वसई-विरार नाही! १२ लाखांचं वेगळं शहर म्हणून आमची नोंद आहे. भिवंडीही वेगळी. मी रोज विरार लोकलमध्ये उभा राहून चर्चगेटला जातो, तरी जनगणनेच्या लेखी मी मुंबईचा नाही. कारण मधे खाडी आहे आणि वस्ती सलग नाही.

आकडेमोड (सोमवार, सकाळी ९:१५)

वसई_रोड, मुद्दा बरोबर पकडलात. आपली व्याख्या वस्तीच्या सलगतेवर उभी आहे. माणसं कुठून कुठे जातात ते ती बघतच नाही.

जनगणनेची रीत थोडक्यात सांगतो. जिथे महापालिका, नगरपालिका, नगरपंचायत किंवा कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे ते वैधानिक शहर. जिथे कायद्यानं ग्रामपंचायत आहे, पण लोकसंख्या किमान ५,०००, घनता चौरस किलोमीटरला किमान ४०० आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांतले किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, ते 'सेन्सस टाऊन'. तिन्ही अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. असं एखादं वैधानिक शहर, त्याला लागून असलेली दुसरी शहरं आणि त्यांची बाहेर वाढलेली वस्ती, हे सगळं सलग असलं की नागरी समूह. २०११ साठी समूहाची किमान लोकसंख्या २००१ च्या मोजणीनुसार २०,००० धरली होती.

दिल्लीच्या समूहाचे २०११ ला १ कोटी ६३ लाख होते, आणि त्यात नोएडा, गाझियाबाद, गुडगाव, फरिदाबाद यांतलं एकही नव्हतं. गंमत बघा, लेखाताईंच्या घरभाड्याच्या आदेशांत या चारही गावांना खास बाब म्हणून दिल्लीचाच दर मिळतो. म्हणजे पगाराच्या वेळी सरकार त्यांना दिल्लीत धरतं आणि मोजणीच्या वेळी बाहेर ठेवतं.

उलटंही होतं. केरळात गाव संपलेलं कळतच नाही, घराला घर लागून. त्यामुळे सेन्सस टाऊन एकमेकांना जोडत जोडत मलप्पुरमचा समूह सुमारे १७ लाखांचा झाला आणि १५ लाख ६१ हजारांच्या नाशिकच्या वर जाऊन बसला. मलप्पुरमला जाऊन आलेला कुणीही सांगेल, तिथे नाशिकएवढं शहर उभं नाही. नारळाच्या बागांमधली दाट वस्ती आहे.

माण_मारुंजी (सोमवार, दुपारी १:३०)

पुरुषांतले ७५ टक्के हे वाचून थांबलो. बायकांचं काम धरतच नाहीत का? आमच्या मुळशी तालुक्यात भातलावणीला बायाच वाकलेल्या असतात. गडी माणूस कंपनीत सुरक्षारक्षक म्हणून किंवा टेम्पोवर. अशा घराला काय म्हणायचं, शेतकरी की शहरी?

आणि दुसरं. हिंजवडीत लाखभर माणूस रोज कामाला येतो, ट्रॅफिकमध्ये आमची पोरं शाळेला उशिरा पोचतात, पण कारभार ग्रामपंचायतीचा. कचरा, सांडपाणी, रस्ता, सगळं त्या आवाक्यात बसवायचं. शहराच्या यादीत नाव आहे की नाही याच्याशी आम्हाला घेणं नाही. यादीत नाव नसलं की पैसा येत नाही, दुखणं ते आहे.

लेखाताई (सोमवार, दुपारी २:१०)

माण_मारुंजी, बायकांना त्या अटीतून वगळलंय हे खरं आहे, आणि मलाही ते पटत नाही.

साइतामा_सांगली (सोमवार, दुपारी ४:४०)

मूळ सांगलीचा, पुण्यात शिकलो, सध्या जपानात. राहतो साइतामात, काम टोकियोत. तिकडचा हिशोब सांगतो, कारण वसईच्या दादांचा प्रश्न तिथे सुटलेला आहे.

टोकियोचे आकडे तीन. मूळ २३ वॉर्डांत सुमारे ९७ लाख. टोकियो प्रांत धरला तर १ कोटी ४० लाख. आणि महानगर धरलं तर पावणेचार कोटींच्या आसपास. जपानच्या जनगणनेत मध्यवर्ती शहराभोवतीचं गाव महानगरात घ्यायचं की नाही हे ठरवताना बघतात, तिथल्या १५ वर्षांवरच्या लोकांपैकी किती जण शिकायला किंवा कामाला त्या शहरात जातात. दीड टक्का पुरतो! अमेरिकेत हाच उंबरा २५ टक्के आहे आणि मोजणी अख्ख्या काउंटीची होते. युरोपात १५ टक्के. म्हणजे तत्त्व एकच, पण चाळणीची भोकं लहानमोठी, आणि त्यावर शहराचा आकार ठरतो.

दीड टक्क्याची चाळणी पुण्याला लावली तर लोणावळा लोकलच्या सगळ्या स्थानकांची गावं पुण्यात येतील. दौंडही येईल असं मला वाटतं.

पेठेतला (सोमवार, सायं. ६:०५)

मग जगात पहिलं शहर कुठलं? शाळेपासून टोकियो पाठ आहे.

साइतामा_सांगली (सोमवार, सायं. ७:३०)

टोकियो आता तिसरं. नोव्हेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नवा अहवाल काढला. त्यात जकार्ता जवळपास ४ कोटी २० लाखांनी पहिलं, ढाका सुमारे ३ कोटी ७० लाखांनी दुसरं, टोकियो ३ कोटी ३० लाख. दिल्ली ३ कोटींच्या थोडं वर, चौथी.

२०१८ च्या त्यांच्याच यादीत टोकियो ३ कोटी ७० लाखांनी पहिलं होतं आणि जकार्ता सुमारे एक कोटीवर, तिसाव्या क्रमांकाच्या आसपास. सात वर्षांत जकार्तात तीन कोटी माणसं आली नाहीत. फूटपट्टी बदलली. पूर्वी प्रत्येक देश आपलं शहर जसं सांगेल तसं ते छापत. कुणी पालिकेची हद्द देई, कुणी समूह, कुणी महानगर. आता सगळी पृथ्वी एक-एक चौरस किलोमीटरच्या चौकटीत विभागतात. घनता १,५०० च्या वर असलेल्या लगतच्या चौकटी जोडत जायच्या, आणि एकूण माणसं ५०,००० च्या वर गेली की ते शहर. हद्द, पालिका, प्रांत काही बघायचं नाही. ही पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगानं २०२० मध्ये मान्य केली होती.

पेठेतला (सोमवार, सायं. ७:४२)

आणि चीनचं ते चोंगचिंग? कुठेतरी वाचलं होतं की जगातलं सगळ्यात मोठं शहर ते.

आकडेमोड (सोमवार, रात्री ९:००)

चोंगचिंगची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ३ कोटी २० लाख आहे, पण क्षेत्रफळ ८२,४०० चौरस किलोमीटर. आपला पुणे जिल्हा १५,६४३ चौरस किलोमीटर. असे पाच पुणे जिल्हे एकत्र करून त्याला 'शहर' नाव दिलंय. त्यात डोंगर आहेत, शेती आहे, शेकडो गावं आहेत. नावात नगरपालिका असली तरी तो प्रांत आहे.

आपल्याकडे पीएमआरडीएच्या, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या बाबतीत हीच चूक होते. २०१५ मध्ये स्थापन झालं, हद्द सुमारे सात हजार चौरस किलोमीटर. मावळ आणि मुळशी हे तालुके अख्खे त्यात आहेत. आता ताम्हिणीच्या बाजूचा डोंगर, मुळशी धरणाचं पाणी, पवनेकाठची भातखाचरं, हे काही शहर नव्हे. ती नियोजनाची हद्द आहे, उद्या वाढेल तिथली आजच काळजी घ्यायची म्हणून आखलेली. घटनेच्या २४३पी कलमात 'महानगर क्षेत्र' येतं तेही याच अर्थानं: दहा लाखांवर लोकसंख्या, दोन किंवा अधिक पालिका-पंचायती, आणि राज्यपालांची अधिसूचना. ७४ व्या घटनादुरुस्तीनं ही व्याख्या आली. अशा हद्दीची लोकसंख्या 'पुणे शहराची' म्हणून छापू नये, एवढंच माझं म्हणणं.

संकेतस्थळांवर 'पुण्याची आजची लोकसंख्या' म्हणून शेवटच्या आकड्यापर्यंत काहीतरी लिहिलेलं असतं, त्याबद्दलही सावध राहा. २०११ नंतर जनगणनाच झालेली नाही. तो आधीच्या वाढीच्या वेगावरून पुढे ओढलेला अंदाज असतो. शेवटचे तीन आकडे लिहिले म्हणून तो मोजलेला ठरत नाही.

शेलारमळा (सोमवार, रात्री ९:५५)

पाण्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमची शेती इंदापूरच्या बाजूला, खडकवासल्याच्या कालव्यावर. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून साठा २९.१५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. पुण्याचं पिणं त्यातलंच आणि आमचं आवर्तनही त्यातलंच. शहराला पाणी किती द्यायचं ते लोकसंख्येवर ठरतं, आणि दर उन्हाळ्यात वाद त्याच आकड्यावर येतो.

माणशी दिवसाला १३५ लिटर हा निकष धरून मी गणित मांडलंय. दहा लाख माणसं म्हणजे दिवसाला साडेतेरा कोटी लिटर, वर्षाला सुमारे पावणेदोन टीएमसी. हद्दीत गावं आली की मागणी वाढते. ती माणसं आधीही पाणी पीतच होती, मग ते विहिरीचं असो, टँकरचं असो. त्यांना नळाचं पाणी मिळालंच पाहिजे, मी त्यांच्या विरोधात नाही. पण माणसं मोजल्याशिवाय पाणी वाटणं हा आमच्या उसावर आणि तुमच्या हंड्यावर, दोघांवरही अन्याय आहे. पंधरा वर्षांपूर्वीच्या मोजणीवर आज वाटप कसं करणार?

मांजरीकर (सोमवार, रात्री ११:१५)

शेलारमळा, आमच्याकडे अजून टँकर येतो. तुमचा शब्दन् शब्द पटला.

एवढं वाचून मी पुढच्या जनगणनेचं बघितलं. मोजणीचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७. त्यासाठी गावं, तालुके, पालिका यांच्या हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवल्या. म्हणजे यानंतर कुठलं गाव कुठे गेलं तरी मोजणीत जुनीच हद्द. फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०१७ ला महापालिकेत आली, २०२४ ला बाहेर पडून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. ती महापालिकेच्या आकड्यात येणार नाहीत, समूहात मात्र यायला हवीत. हडपसरपासून तिकडे जाताना रिकामी जागा उरलीय कुठे?

आता प्रश्न साइतामाच्या दादांना. येणंजाणं मोजायची पद्धत आपल्याकडे का नाही?

साइतामा_सांगली (मंगळवार, सकाळी ६:२०)

कारण आपण अर्धाच प्रश्न विचारतो. २०११ च्या जनगणनेत कामाची जागा घरापासून किती किलोमीटर आणि जाता कशानं, हे विचारलं होतं. कुठे जाता, हे विचारलं नव्हतं. वाघोलीचा माणूस 'आठ किलोमीटर, दुचाकी' एवढंच सांगतो. तो खराडीला गेला, की लोणीकंदला, की कोरेगाव भीमाच्या कारखान्यात, ते कागदावर येत नाही. दिशा नसेल तर कुठलं गाव कुणाकडे ओढलं जातंय ते कळणार कसं?

मांजरीकर (मंगळवार, सकाळी ८:४०)

मग आपण इथेच सुरुवात करू. मोजणी म्हणून नाही, निदान चित्र दिसावं म्हणून. घर कुठे, काम कुठे, जाता कशानं. गावाचं नाव पुरे, पत्ता नको. माझं: घर मांजरी, काम भोसरी एमआयडीसी, दुचाकी.

लेखाताई (मंगळवार, सकाळी ९:०५)

घर धायरी, नोकरी होती कॅम्पात. तीस वर्षं पीएमटीची बस, नंतर पीएमपीएमएलची.

वडगाव_मावळ (मंगळवार, सकाळी ९:३०)

घर वडगाव, काम शिवाजीनगर, लोकल. बायको तळेगावला शाळेत शिक्षिका, एसटी किंवा रिक्षा.

चाकण_चौक (मंगळवार, सकाळी ११:१०)

घर राजगुरुनगर, काम चाकण. पुण्याला वर्षातून दोनदा येतो, गणपतीत आणि दवाखान्याला. मला पुण्यात धरू नका. पण कामावर माझ्या शेजारचे सहाही जण निगडी-चिखलीहून कंपनीच्या बसनं इकडे येतात. म्हणजे माणसं शहरातून बाहेर जाताहेत. तुमच्या चाळणीत हे उलटं येणंजाणं धरतात का?

देहूरोडकर (मंगळवार, दुपारी १२:२५)

घर देहूरोड, काम खराडी. बस, मग मेट्रो, मग परत बस. तीन कारभारी ओलांडून जातो.

माण_मारुंजी (मंगळवार, रात्री ८:५०)

घर माण, काम माण. घराबाहेर पडलं की शेत, शेताच्या बांधापलीकडे आयटी पार्कची भिंत. वडिलांनी त्या भिंतीच्या आतल्या जमिनीत भात काढलाय. मी कुठे जात नाही, शहरच आमच्याकडे आलं. माझी नोंद कशी करायची ते सांगा.

मांजरीकर (मंगळवार, रात्री ९:३०)

माण_मारुंजी, अंतर शून्य लिहितो. आणि चाकण_चौक यांच्यासाठी दुसरा रकाना केलाय, शहरातून बाहेर जाणाऱ्यांचा. आत्तापर्यंत सात नोंदी झाल्या. शिरूर, सासवड आणि भोरच्या बाजूचं अजून कुणी लिहिलेलं नाही.